मूर्तिकाराचे कोपर आणि दुसरे इंजेक्शन

प्रश्न गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या एका मुलीचा आहे. घरात तीन पिढ्यांची गणपतीची चित्रशाळा. वडील ५४ वर्षांचे. गेल्या वर्षी चवथीच्या महिनाभर आधी उजव्या कोपराच्या बाहेरच्या बाजूला दुखू लागले. एक इंजेक्शन घेतले, चार दिवसांत दुखणे पळाले आणि ४५ मूर्ती वेळेत लोकांच्या घरी पोचल्या. दिवाळी आली तसे दुखणे परत आले, ते पहिल्यापेक्षा जास्त. आता चहाचा कप उचलताना, दाराची कडी फिरवताना, ओला पंचा पिळताना कळ येते. एक्स-रेत काही नाही. साखर थोडी वर आहे. चवथीला नऊ आठवडे उरलेत आणि बाबा म्हणतात, 'गेल्या वर्षीसारखेच एक मारून टाकू.' मुलगी विचारते, मारून टाकावे का? आणि नको, तर मग मूर्तींचे काय?

आधी उत्तर देतो, कारणे मागाहून. इंजेक्शन घेऊ नये. मूर्ती मात्र कराव्यात. नऊ आठवड्यांत कोपर पूर्ण बरे होईल असे मी म्हणणार नाही, पण आजपासून व्यायामाला लावले तर त्यातले पहिले तीन आठवडे जरा कठीण जातील आणि नंतरचे सहा बरे जातील. इंजेक्शनचा हिशेब बरोबर याच्या उलटा असतो.

मी फोंड्यात २२ वर्षे फिजिओथेरपी करतो. आमच्याकडे कोपरांचेही हंगाम असतात. एप्रिल-मेमध्ये काजूवाले येतात, पावसात चित्रशाळेतले, पाऊस ओसरला की चिरे लावणारे गवंडी, आणि बॅडमिंटनवाले बारा महिने. टेनिस खेळून कोपर दुखावलेला माणूस मात्र मी बोटांवर मोजण्याइतकाच पाहिला. तरी नाव टेनिस एल्बो. या दुखण्याचे पहिले वर्णन १८७३ साली रुंगे नावाच्या जर्मन डॉक्टरने केले, आणि ते लिहून लिहून हात धरलेल्या लोकांविषयी होते. टेनिसचे नाव त्याला दहा वर्षांनी इंग्लंडात चिकटले, तिकडे त्या खेळाचे नवे वेड लागले होते तेव्हा. कारकुनांचे दुखणे साहेबांच्या खेळाच्या नावावर गेले ते गेलेच.

बाबांना समजवायचे तर त्यांच्याच हातावर दाखवा. कोपर वाकवून बाहेरच्या बाजूला चाचपले की हाडाचा एक टणक उंचवटा लागतो. मनगट मागे उचलणारे स्नायू तिथून निघतात. स्नायू ज्या पांढऱ्या चिवट दोरीने हाडाला बांधलेला असतो ती कंडरा. दवाखान्यात तिला टेंडन म्हणतात, आणि माझ्याकडे येणारे सगळे 'शीर' म्हणतात. मीही आता शीरच म्हणतो, वाद घालून कोपर बरे होत नाही.

आता मूठ आवळायला सांगा. बघा, मनगट आपोआप किंचित मागे जाते. बोटे मिटवणारे स्नायू मनगटालाही पुढे ओढत असतात. त्याला मागून कुणी धरून ठेवले नाही तर मुठीत जोर येत नाही. खोटे वाटत असेल तर मनगट पुढे पूर्ण वाकवून मूठ आवळून पाहा. धरून ठेवण्याचे हे काम बाहेरच्या स्नायूंचे, त्यातही एका आखूड स्नायूचे जास्त. म्हणून दुखते बाहेर आणि कारण असते मुठीत. बाबा माती जितकी आवळून धरतात, तितका ताण त्या उंचवट्याशी बांधलेल्या दोरीवर येतो. 'मी तर कोपर वापरतच नाही, सगळे काम बोटांचे,' असे मला जवळजवळ प्रत्येक मूर्तिकार, शिंपी आणि न्हावी सांगतो. बोटांचे काम आहे म्हणूनच कोपर दुखते.

आणि ही सूज नव्हे. इथे रोग्याचा आणि कधीकधी डॉक्टरचाही घोटाळा होतो. १९७९ साली अमेरिकेत निर्शल आणि पेट्रोन या दोन शल्यविशारदांनी अशा कोपरांतून शस्त्रक्रियेत काढलेला भाग सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. सुजेच्या पेशी सापडायला हव्या होत्या. सापडले ते विस्कटलेले तंतू, अर्धवट वाढलेल्या पेशी आणि नको तिथे फुटलेल्या बारीक रक्तवाहिन्या. नवा सुंभ हातात घेतला तर काथ्याचा प्रत्येक धागा पिळात बसलेला असतो. वर्षानुवर्षे विहिरीच्या रहाटावर घासलेल्या दोराचे धागे सुटून कुठेही तोंडे करून बसतात. दोर तुटत नाही, पण भार द्यायला धीर होत नाही. बाबांच्या कोपरात साधारण असे झाले आहे. तेव्हा सूज उतरवण्याच्या औषधाने कळ थांबेल, धागे जुळणार नाहीत.

असे का झाले? वय हे एक कारण. हे दुखणे मुख्यतः पस्तिशी ते पंचावन्नच्या माणसाला गाठते. वाढलेली साखर आणि तंबाखू या दोन्ही गोष्टी कंडरेची दुरुस्ती मंद करतात. पण खरे कारण तुमच्या पत्रातल्या एका वाक्यात आहे, जे तुम्ही सहज लिहून गेलात: 'मेअखेरपर्यंत बाबा काजूत असतात, मग जून रिकामा जातो.' काजूच्या दिवसांत बोंडू डाव्या हातात धरून उजव्याने बी पिळून काढायची, दिवसाला शेकडो वेळा. तो पीळ थेट या कंडरेवर येतो. मग जूनमध्ये हात जवळजवळ बंद. आणि जुलै लागला की एकदम दिवसाचे आठ-दहा तास माती. कंडरेला कामाचे वावडे नाही, तिला एकाएकी वाढलेल्या कामाचे वावडे आहे. ताण पडला की तिच्यात काही तंतू झिजतात, नवे बनतात. पहिला दिवस-दीड दिवस झीज पुढे असते, मग भर पुढे जाते. मध्ये उसंत मिळाली तर दोरी आधीपेक्षा जाड होते. रोज सकाळी तेच आणि संध्याकाळी तेच केले तर हिशेब कायम तोट्यात. आणि महिनाभर काहीच केले नाही तर दोरी आळशी होते, ज्याची किंमत जुलैत मोजावी लागते.

हे शेवटचे वाक्य मी अनुभवाने शिकलो. धंद्यात नवा होतो तेव्हा माझ्याकडे एक पाडेली, म्हणजे माडावर चढून नारळ पाडणारा, आला होता, कोपर असेच. पुस्तकात विश्रांती लिहिली होती, म्हणून मी त्याचा हात तीन आठवडे झोळीत घातला आणि वर रोज मशीनचा शेक दिला. तीन आठवड्यांनी दुखणे शून्य. दोघेही खूश. चौथ्या आठवड्यात तो माडावर चढला, दुपारपर्यंत दहा माड केले आणि संध्याकाळी माझ्या दारात आला तेव्हा त्याला शर्टाचे बटण लावता येत नव्हते. मला काही बोलला नाही. तीन आठवड्यांची मजुरी बुडाली होती त्याची. विश्रांतीने कळ थांबली होती, पण दोरी आणखी कच्ची झाली होती. तेव्हापासून मी कुणाचाही हात पूर्ण बंद करत नाही.

आता इंजेक्शन. ते बहुधा स्टिरॉइडचे असते, आणि ते काम करते हे आधी कबूल करू. पहिल्या सहा आठवड्यांत त्याच्याइतका आराम दुसऱ्या कशानेच मिळत नाही. प्रश्न त्यानंतरचा आहे. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनच्या संशोधकांनी १९८ रुग्णांचे तीन गट केले: एकाला इंजेक्शन, एकाला फिजिओथेरपी, एकाला नुसता सल्ला आणि वाट पाहणे. २००६ मध्ये निष्कर्ष छापून आले. सहा आठवड्यांना इंजेक्शनवाले सगळ्यांत पुढे होते, पण त्यांतल्या बऱ्या झालेल्यांपैकी ७२ टक्क्यांचे दुखणे पुढे उलटले. पुढे २०१३ मध्ये ब्रिस्बेनमधूनच १६५ रुग्णांचा दुसरा अभ्यास आला. त्यात काहींना स्टिरॉइड आणि काहींना नुसते खाऱ्या पाण्याचे इंजेक्शन दिले होते. वर्षअखेर स्टिरॉइडवाल्यांपैकी ८३ टक्के बरे होते आणि खाऱ्या पाण्यावाल्यांपैकी ९६ टक्के. दुखणे उलटण्याचे प्रमाण ५४ विरुद्ध १२ टक्के. म्हणजे ज्याला औषध टोचलेच नाही तो वर्षभराने पुढे निघाला.

बाबांचा गेल्या वर्षीचा अनुभव या आकड्यांत तंतोतंत बसतो: ऑगस्टमध्ये घेतले, दिवाळीला उलटले. शिवाय यात एक व्यावहारिक धोका आहे, जो अभ्यासात दिसत नाही पण चित्रशाळेत दिसतो. कळ ही राखणदार असते. तिला झोपवले की माणूस त्याच कच्च्या दोरीवर दुप्पट काम काढतो, आणि चवथीच्या आधीचा महिना हा दुप्पट कामाचाच असतो. साखर वर असलेल्या माणसाला या इंजेक्शनने काही दिवस ती आणखी चढते, हेही डॉक्टरांना विचारून घ्या. वारंवार टोचले तर त्या जागची कातडी पातळ आणि पांढरी पडते. कधीच देऊ नये असे मी म्हणत नाही. रात्रभर झोप नाही, हातात पेला टिकत नाही अशा माणसाला मी स्वतः हाडांच्या डॉक्टरांकडे पाठवले आहे. पण एकदा, आणि पुढचे सहा आठवडे हात जपण्याच्या कबुलीवर. ज्याच्यासमोर ४५ मूर्ती आहेत तो ही कबुली पाळूच शकत नाही.

पुढचे सांगण्याआधी एक खात्री करू, की दुखणे हेच आहे. खुर्चीची पाठ वरून धरून, तळवा जमिनीकडे ठेवून आणि कोपर सरळ ठेवून खुर्ची उचलायला सांगा. मग तळवा वर करून, खालून धरून उचलायला सांगा. पहिल्या खेपेला कळ आणि दुसऱ्या खेपेला जवळपास नाही, असे असेल तर बहुतेक हेच. दुसरी खूण: हात सरळ, तळवा खाली, आणि मधले बोट वर उचलताना तुम्ही ते खाली दाबा. उंचवट्याशी कळ आली की पक्के. दुखण्याची जागा उंचवट्यापासून तीन-चार बोटे खाली, मांसल भागात असेल आणि रात्री ठणकत असेल तर तिथून जाणारी नस दाबली जात असण्याची शक्यता असते. मान वळवल्यावर हातात कळ उतरत असेल, अंगठ्याकडे मुंग्या येत असतील तर मूळ मानेत शोधावे लागते, आणि अशा लोकांच्या कोपराला वर्षभर तेल चोळले जाते. दुखणे आतल्या बाजूच्या उंचवट्याला असेल तर ते गोल्फर्स एल्बो, त्याची गंमत नंतर सांगतो. कोपर लाल आणि गरम होऊन ताप आला, कोपर मध्येच अडकू लागले, किंवा वजन उचलताना पुढच्या बाजूला 'फट्' आवाज येऊन दंडाचा गोळा वर सरकला, तर हे काही वाचत बसू नका, त्याच दिवशी बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) किंवा जवळच्या हाडांच्या डॉक्टरांकडे जा. आणखी एक, जे कुणी विचारत नाही: अलीकडे सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा लिव्होफ्लॉक्सासिन या जातीची अँटिबायोटिक घेतली होती का? लघवीच्या किंवा छातीच्या संसर्गाला देतात. ती कंडरांना त्रास देऊ शकतात, म्हणून डॉक्टरांच्या कानावर घाला.

तर उपाय. तो पाण्याच्या बाटलीत आहे. बाबा हसतील, हसू द्या.

पहिले दोन आठवडे धरून ठेवायचा व्यायाम. टेबलावर हात आडवा ठेवायचा, मनगट कडेच्या बाहेर, तळवा खाली. हातात एक लिटरची भरलेली बाटली, म्हणजे साधारण एक किलो. मनगट सरळ रेषेत उचलून तसेच ३० ते ४५ सेकंद धरून ठेवायचे. हलवायचे नाही. मग एक-दोन मिनिटे थांबून पुन्हा, असे चार-पाच वेळा, रोज. एक लिटर जड गेले तर अर्ध्या लिटरने सुरू करा. या व्यायामाने पुष्कळांची कळ तासाभरासाठी उतरते, म्हणून मी तो सकाळी माती हातात घेण्याआधी करायला सांगतो.

दुखेल का? थोडे दुखेल. ते चालते, आणि सगळे इथेच घाबरून सोडतात. शून्य म्हणजे काही नाही आणि दहा म्हणजे असह्य असे धरले तर तीन-चारपर्यंत चालवून घ्यायचे. अट एकच, दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणे कालच्या सकाळइतकेच असले पाहिजे. जास्त असेल तर काल वजन जास्त झाले, बाटलीतले थोडे पाणी ओता. सोडून देऊ नका.

तिसऱ्या आठवड्यापासून तीच बैठक, पण आता मनगट हलवायचे. चार मोजत वर, चार मोजत खाली. खाली येणे जास्त महत्त्वाचे, तिथे धसमुसळेपणा करायचा नाही. दहा-बारा वेळा, मग थांबून पुन्हा, असे तीन फेरे. हा व्यायाम एक दिवसाआड, कारण भर पडायला मधला दिवस लागतो, हे वर सांगितलेच. दर आठवड्याला वजन थोडे वाढवायचे. एक लिटरवरून दोनवर यायला चार-पाच आठवडे लागले तरी घाई नको. जोडीला हातोडीचा व्यायाम: दांड्याच्या टोकाला धरून, कोपर अंगाशी वाकवून, हातोडीचे डोके हळूहळू डावीकडे आणि उजवीकडे कलते करायचे. बोंडू पिळायला लागणारा जोर इथे तयार होतो. आणि खांदा विसरू नका. खांद्याचा मागचा भाग कमजोर असला की हात लांब गेल्यावर सगळी जबाबदारी मनगट घेते. भिंतीवर हात टेकून दंड काढले आणि जुन्या सायकल ट्यूबचा तुकडा खिडकीच्या गजाला बांधून कोपर मागे ओढले तरी पुरते.

बरे होते आहे की नाही हे मनावर सोडू नका, मापा. न्हाणीतली बालदी घ्या. तळवा खाली, कोपर सरळ ठेवून रिकामी बालदी उचलायची, मग त्यात एक तांब्या पाणी घालून उचलायची, मग दुसरा. कितव्या तांब्याला कळ सुरू झाली तो आकडा कॅलेंडरच्या चौकटीत लिहायचा. आठवड्यातून एकदाच, रविवारी. दोन तांब्यांवरून पाच तांब्यांवर आलेला माणूस दुखणे अजून जाणवत असले तरी बरा होत असतो, आणि हा आकडा भिंतीवर दिसला की धीर टिकतो. माझ्या दवाखान्यात मूठ मोजण्याचे यंत्र आहे. खरे सांगायचे तर बालदी त्याच्यापेक्षा फार मागे नाही.

चित्रशाळेतले बदल या व्यायामाइतकेच महत्त्वाचे. काही वर्षांपूर्वी एका पेशंटच्या चित्रशाळेत मी मुद्दाम तासभर बसलो होतो. पावसाची झड, फळीवर दोन रांगांत अर्ध्या वाळलेल्या मूर्ती, आणि तो जमिनीवर पाटावर बसून काम करत होता. मूर्ती त्याच्या छातीपेक्षा उंच, त्यामुळे उजवा हात सतत पुढे आणि कोपर सरळ. गोळ्यातून माती तोडताना तो चिमटीने ओढून वरून पीळ देई. साच्यात माती दाबायला अंगठा, आणि अंगठ्याच्या जोराला मनगट मागे ताणलेले. तासाभरात मी मोजले, मूर्तीचा पाट कडेला धरून, तळवे खाली ठेवून त्याने नऊ वेळा उचलून सरकवला. दर खेपेला ओठ आवळले जात. त्याला विचारले तर म्हणाला, उचलताना दुखत नाही, रंगकाम करताना दुखते. दुखणे बोलते रंगकामात, पण ते पाट उचलताना कमावलेले असते.

म्हणून बाबांसाठी माझी यादी अशी. माती मळायचे काम यंदा त्यांचे नाही, तुमचे किंवा भावाचे. गोव्यात प्लास्टरच्या मूर्तींना बंदी आहे ते चांगलेच, पण चिकणमाती जड आणि मळायला चिवट, हेही खरे. मळताना तळव्याचा जोर आणि मागे वाकलेले मनगट यांची गाठ पडते, आणि त्यात कसब बाबांचेच लागते असे काही नाही. माती थोडी सैल ठेवता आली तर ठेवा. वाळायला एक दिवस जास्त जाईल, आठवडाभराचे कोपर वाचेल. मूर्ती खाली घ्या किंवा बाबांना वर बसवा, कसेही करून काम करताना कोपर अंगाजवळ आणि वाकलेले राहिले पाहिजे. पाट फिरता करा, म्हणजे हात फिरवायला नको. पाट उचलायचाच तर दोघांनी, तळवे खालून घालून. कोरणी आणि ब्रश यांच्या दांड्यांना जुन्या ट्यूबची किंवा कापडाची गुंडाळी करून त्या अंगठ्याएवढ्या जाड करा. बारीक दांडा धरायला जास्त आवळावे लागते. आणि एकाच प्रकारचे काम दिवसभर नको. सगळे साचे एका दिवशी, सगळी घासाई दुसऱ्या दिवशी ही पद्धत वेळ वाचवते हे मान्य, पण कोपरासाठी वाईट. सकाळी साचे, दुपारनंतर घासाई, असे मिसळा. दर अर्ध्या तासाला दोन मिनिटे हात मोकळा. चहा डाव्या हाताने.

पट्टा वापरायचा तर वापरा, पण जागा बघून. बहुतेकजण तो दुखऱ्या हाडावरच आवळतात. तो उंचवट्यापासून दोन बोटे खाली, मांसल गोळ्यावर हवा, आणि फक्त काम करताना. बोटांना मुंग्या आल्या तर सैल करा. झोपताना काढा. डायक्लोफिनॅकचा जेल दिवसातून दोन-तीनदा लावला तर पहिल्या आठवड्यांत थोडी मदत होते. पोटात घ्यायच्या गोळ्या साखर आणि रक्तदाब असलेल्यांनी स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. शेक घ्यायचा की बर्फ लावायचा यावर घरोघरी भांडणे होतात. ज्याने बरे वाटेल ते करा, कंडरेला दोन्हींनी फरक पडत नाही. दुखऱ्या हाडावर तेल लावून अंगठ्याने रगडणे मात्र बंद. खालच्या मांसल भागाला हलके चोळलेले चालेल.

'आपलेच रक्त काढून त्यातला घटक टोचतात' ते पीआरपी कुणीतरी सुचवीलच, स्वस्त नसते. २०२१ च्या कॉक्रेन आढाव्यात, म्हणजे जगभरचे अभ्यास एकत्र तपासणाऱ्या आढाव्यात, त्याने दुखणे किंवा हाताचे काम यांत लक्षात येण्याजोगा फरक पडत नाही असे निघाले. मी त्या पैशात घरी फिरता पाट करून घ्या असे सांगतो. शस्त्रक्रियेचा विषय निघाला की सचिनचे नाव येतेच. त्याच्या डाव्या कोपरावर मे २००५ मध्ये लंडनला शस्त्रक्रिया झाली आणि ऑक्टोबरात तो नागपूरला श्रीलंकेविरुद्ध खेळला, हे खरे. पण त्याआधी महिनोन्महिने बाकीचे उपाय झाले होते, आणि त्यानंतरही तो महिनोन्महिने व्यायाम करत होता. ते टीव्हीवर दिसले नाही. दहांतले आठ-नऊजण वर्षाच्या आत शस्त्रक्रियेशिवाय बरे होतात. सहा महिने ते वर्षभर नेमाने व्यायाम करूनही ज्याचे अडलेलेच आहे, त्याच्यापुरता तो विचार.

गोल्फर्स एल्बोचे सांगायचे राहिले. ते माझे स्वतःचे. चवथीच्या आधी आईला मदत म्हणून मी एका दुपारी आदोळीवर (खोबरे खवायच्या विळीवर) बसून नेवऱ्यांसाठी, म्हणजे करंज्यांसाठी, आठ नारळ खवले. रोज लोकांचे हात पिळणारा माणूस, मला काय होणार, अशा थाटात. करवंट धरून मनगट आत वळवायचे, पुन्हा आत वळवायचे. दुसऱ्या दिवशी कोपराच्या आतल्या उंचवट्याला असे धरले की स्कूटरची मूठ पिळवेना. त्याचा इलाज असाच, फक्त उलटा: बाटली धरताना तळवा वर. मला दहा आठवडे लागले आणि आई अजून विचारते, कोपर कसे आहे. तिथे एक जास्तीची काळजी घ्यायची, आतल्या बाजूने करंगळीकडे जाणारी नस हाडाच्या खोबणीतून जाते, म्हणून करंगळी बधिर वाटू लागली तर दाखवायलाच हवे.

नऊ आठवड्यांचा अंदाज सांगतो. पहिले तीन आठवडे फारसे काही बदलणार नाही, बाबा रोज इंजेक्शनचे नाव काढतील. चौथ्या-पाचव्या आठवड्यात सकाळची कळ कमी झालेली आधी जाणवेल, मग चहाचा कप. चवथीच्या दहा-बारा दिवस आधी रंगकाम आणि डोळे आखणे येईल. ते काम हलके, पण हात अधांतरी धरून केलेले, म्हणून कोपराखाली उशी किंवा लाकडी ठोकळा ठेवा. तेवढ्या दिवसांत वजन वाढवू नका, फक्त चालू ठेवा. यंदा ४५ ऐवजी ३५ मूर्तींचे सांगणे घेता आले तर फारच बरे. नाहीच घेता आले, तर लहान मूर्ती आधी आणि मोठ्या मधल्या आठवड्यांत करा, शेवटी नको.

आणि विसर्जनानंतर बाटली माळ्यावर टाकू देऊ नका. गेल्या वर्षी दिवाळीला जे झाले ते याच रिकाम्या दिवसांत शिजले होते. आठवड्यातून दोनदा, शिमग्यापर्यंत, दोन लिटरने चालू राहिले पाहिजे. मग काजूची पहिली बी पिळायच्या आधी पुन्हा एकदा बालदी उचलून तांबे मोजा. आकडा चवथीच्या रविवारपेक्षा खाली आलेला असेल तर पहिला आठवडा बिया पिळायला दुसऱ्या कुणाला बसवा आणि बाबांना नुसते बोंडू वेचायला पाठवा.